शेडात उभ्या मोटरहोमला लाईट जोडली की ट्रिप, मुंग्या, लो व्होल्टेज: तपासायला सुरुवात कुठून करायची

पाचवड ते वाई या पट्ट्यात मी वायरमनचं काम करतो. मोटारीच्या पेट्या, घरांची वायरिंग, गोठ्यांची फिटिंग हे रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, उभी करायला जागा नसते, म्हणून मंडळी ती सुरूर फाट्यापासून मेणवली-धोमपर्यंत कुणाच्या तरी शेडात, फार्महाऊसवर नाहीतर रिकाम्या गोठ्यात भाड्यानं ठेवतात. जूनमध्ये गाडी आत जाते. सप्टेंबरात कासला फुलं आली की ती बाहेर काढायची घाई होते आणि मला फोन येतो. वाक्य ठरलेलं असतं: "दादा, गाडीत फॉल्ट आहे."

बहुतेक वेळा फॉल्ट गाडीत नसतो. तो भिंतीवरच्या बोर्डात असतो, नाहीतर बोर्ड आणि गाडी यांच्यामधल्या केबलीत. म्हणून मी तपासायचा क्रम कधी बदलत नाही: आधी भिंत, मग केबल, मग गाडी. या क्रमानं गेलात तर निम्म्याहून जास्त वेळा गाडीचं एकही पॅनेल उघडावं लागत नाही, आणि खर्च एखाद्या टॉपवर (म्हणजे प्लगवर) भागतो.

लक्षणं

सगळ्यात जास्त तक्रार ट्रिपची येते. टॉप लावला, बटण दाबलं की शेडातली आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) खट्‌कन पडते. काहींची लगेच पडते, काहींची दहा मिनिटांनी, काहींची फक्त पावसात किंवा पहाटेच्या दवात. काहींची तर गाडीत काहीच चालू नसताना पडते. या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, त्यामुळे नेमकी कधी पडते ते कागदावर लिहून ठेवा.

दुसरी तक्रार मुंग्यांची. दाराच्या कडीला, पायरीला किंवा मागच्या शिडीला हात लावला की झिणझिणतं. अनवाणी असलात, जमीन ओली असली की जास्त जाणवतं, चपला घातल्या की जाणवत नाही.

तिसरी: दिवे लागतात, पण एसीचा कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि बंद पडतो, चार्जरचा दिवा लागतो-विझतो.

चौथी: टॉप हाताला गरम लागतो, जळका वास येतो.

पाचवी: दोन महिने गाडी लाईटला लावून ठेवली होती, तरी बॅटरी पार उतरलेली.

सहावी तक्रार क्वचित येते, पण ती सगळ्यात महागात पडते. दिवे अचानक प्रखर होतात, पंखा सुसाट फिरतो आणि मग एकेक वस्तू जळायला लागते.

मुंग्या येत असतील किंवा दिवे अचानक प्रखर झाले असतील, तर पुढच्या तपासण्या करत बसू नका. कोरड्या हातानं, पायात रबरी चप्पल घालून शेडाचा मेन स्विच पाडा. गाडीला हात लावायचा नाही, टॉपही ओढायचा नाही. पोरं आणि जनावरं गाडीपासून लांब न्या. माणसाला नुसत्या मुंग्या येतात तिथे जनावर दगावू शकतं, कारण त्याचे चारही पाय उघड्या जमिनीवर असतात. मग वायरमनला बोलवा. "थोडासा करंट असतोच" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गाडीतल्या चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कंडेन्सर असतात. अर्थिंग तुटलेलं असलं की त्यांच्यातून गाडीच्या पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज येतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसतं झिणझिणतं. पण उद्या त्याच गाडीत खरीच एखादी वायर पत्र्याला टेकली तर तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर येईल. हात लावून हा फरक कळत नाही. दोन्ही वेळा अर्थ एकच, की अर्थिंग नाही.

आधी विचारा: ही लाईट कुठून आली?

या तपासणीला पैसे लागत नाहीत, आणि तरीही ती सगळ्यात जास्त टाळली जाते. शेडाच्या मालकाला विचारा की हे कनेक्शन घरगुती मीटरवरचं आहे का शेतीपंपाचं.

शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाईट आठ तास असते, कधी दिवसा तर कधी रात्री. उसाला पाणी द्यायची वेळ झाली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज १८० च्या खाली गेलेलं मी स्वतः मोजलं आहे. बऱ्याच चार्जरना एवढं कमी चालत नाही, ते स्वतःला बंद करून घेतात. मालक म्हणतो चार्जर बिघडला. चार्जर तर स्वतःला वाचवत असतो. त्यात भर म्हणजे, दोनच फेज असताना मोटार चालवायला काही ठिकाणी कंडेन्सर लावून तिसरा फेज तयार करतात. तुमचं सॉकेट नेमकं त्या फेजवर असेल तर मीटरमध्ये काहीही आकडे दिसतील. शिवाय शेतीच्या कनेक्शनवर गाडी चालवणं हा मंजूर कारणाबाहेरचा वापर ठरतो, त्याला विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ लागतं आणि दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. तो बोजा शेतकऱ्याच्या नावावर चढतो, तुमच्या नाही. ज्यानं तुम्हाला जागा दिली त्याच्यावर ही वेळ आणू नका.

याहून वाईट प्रकार म्हणजे फेज एका वायरीनं आणायचा आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीतला रॉड वापरायचा. 'अर्थवर लाईट' म्हणतात त्याला. रानातल्या खोलीत एक बल्ब लावायला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी ही सोय केलेली असते आणि तिच्यावर आज मोटरहोम जोडली जाते.

भुईंजच्या अलीकडे एका गोठ्यात मला बोलावलं होतं ते गाडीसाठी. चार्जर चालत नव्हता. मी पोचलो तेव्हा तिथले आबा वेगळ्याच काळजीत होते. म्हणाले, "तुमच्या गाडीचं नंतर बघा. म्हस दोन दिस पाण्याला तोंड लावंना. जनावराच्या डॉक्टरनं बघितलं, काय सापडलं नाही." म्हैस हौदापाशी यायची, नाक खाली करायची आणि झटक्यात मागं सरायची. हौदाचा नळ लोखंडी होता आणि नळाच्या बुडाशी तोच रॉड होता, ज्याचा न्यूट्रल केलेला. मी गाडीचा टॉप काढला आणि म्हशीला परत हौदावर सोडली. तिनं अर्धा हौद रिकामा केला. हिशेब साधा आहे. रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम धरला आणि गाडीनं नुसता २ अँपिअर घेतला तरी रॉडवर ४० व्होल्ट उभे राहतात. ते नळावर येतात, ओल्या जमिनीवर येतात, आणि तोच रॉड अर्थपिनला जोडलेला असेल तर गाडीच्या पत्र्यावरही येतात. असं कनेक्शन सापडलं की काम तिथेच थांबवायचं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, ते काढूनच टाकायचं असतं.

मग डोळे आणि नाक

मेन बंद करून टॉप काढा आणि उजेडात धरा. तिन्ही पिना चकचकीत पितळेच्या दिसल्या पाहिजेत. एखादी काळी पडली असेल, बुडाशी प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल किंवा पीन जराशी कलंडली असेल तर टॉप फेका. मग सॉकेटकडे बघा. मला बहुतेक वेळा न्यूट्रलच्या किंवा फेजच्या भोकाभोवती चहाच्या कपाखाली उमटतो तसा तपकिरी गोल दिसतो. आतली पकड सैल झाली की असं होतं. पकडीत अर्धा ओहम रेझिस्टन्स आला आणि गाडीनं १० अँपिअर ओढला तर त्या एका ठिकाणी ५० वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडच्या २५ वॉटच्या दोन सोल्डरिंग आयर्न सॉकेटात खुपसून ठेवल्यासारखं आहे ते. टॉप बदलला आणि सॉकेट तेच ठेवलं तर नवा टॉपही महिन्याभरात जळतो. दोन्ही बदला. आणि १६ अँपिअरचं काम ६ अँपिअरच्या सॉकेटातून कन्व्हर्टर लावून करू नका.

आता केबल. ती पूर्ण उलगडून जमिनीवर पसरा. रीळवर गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते, उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मी मऊ होऊन एकमेकांना चिकटलेले वेढे सोडवले आहेत. केबल हातातून सरकवत जा आणि टेप मारलेला प्रत्येक जोड शोधा. गवतात पडलेला टेपचा जोड हा पावसातल्या ट्रिपचा पहिला संशयित. उंदरांचे दातही बघा. बंद शेड, आजूबाजूला ऊस, आत गुबगुबीत सीट असलेली गाडी, उंदराला याहून चांगलं घर मिळत नाही.

गाडीकडच्या टोकाला बहुधा निळा इंडस्ट्रियल थ्री पीन कनेक्टर असतो आणि भिंतीकडे आपला घरगुती टॉप. ही केबल बहुधा कुणीतरी जोडून दिलेली असते. त्यामुळे दोन्ही टोकं उघडून बघायलाच हवीत. फेज-न्यूट्रल उलटे, अर्थची वायर जोडलेलीच नाही, स्क्रूखाली वायरीचे चारच केस, हे सगळं मी पाहिलं आहे. गाडीच्या इनलेटचं, म्हणजे बाहेरची केबल जिथे लागते त्या तोंडाचं, झाकणही उघडा. पावसाळ्यात कुंभारीण माशीनं आत मातीचं घरटं केलेलं असतं. कोरडी माती काही करत नाही. तीच दमट झाली की फेज आणि अर्थ यांच्यामध्ये वाट तयार होते.

आणि एक केबल दिसली की तिथल्या तिथे कापून टाका: दोन्ही टोकांना टॉप असलेली. एक टोक भिंतीत असेल तर दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात.

सॉकेट मोजा

बाजारात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्तात मिळतो. तो खोचला की फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थ तुटलंय का, हे दिव्यांवरून कळतं. एवढं कुणीही करू शकतं. मल्टिमीटर चालवता येत असेल तर तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये पंधरा-वीस दिसले तर न्यूट्रलचा जोड कुठेतरी सैल आहे किंवा अर्थिंग गेलंय.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून गंजून एका तारेवर लोंबकळणारं अर्थिंगसुद्धा त्याला २३० दाखवतं. आमच्या धंद्यातला जुना उपाय म्हणजे फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघायचा. पेटला की अर्थिंग ओके. हे मला पटत नाही. शंभर वॉटच्या पेटलेल्या बल्बचाच रेझिस्टन्स ५२९ ओहम असतो, त्यामुळे अर्थिंग १०० ओहम असलं तरी बल्ब चांगला पेटलेला दिसतो. आणि १०० ओहमच्या अर्थिंगवर गाडीतला फेज पत्र्याला टेकला तर करंट जेमतेम २.३ अँपिअर जातो. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त करंट गेला की पडणाऱ्या स्विचला) त्याचा पत्ताही लागत नाही. पत्रा जिवंत राहतो आणि हात लावणारा माणूस मरतो. शिवाय अर्थ तुटलेलं असताना बल्ब लावला तर त्या वायरीला जोडलेलं सगळं लोखंड जिवंत होतं. म्हणून ही चाचणी घरच्यांनी करू नये. अर्थ टेस्टर घेऊन वायरमनलाच मोजू द्या. मी ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करतो.

आपल्याकडे नदीकाठच्या काळ्या रानात ते जमतं. डोंगराकडच्या मुरमाड माळावर, जिथे हल्ली फार्महाऊसं झाली आहेत, तिथे अर्थिंगच्या एका पाइपानं जमत नाही. एप्रिल-मे मध्ये मुरूम कोरडा पडला की रेझिस्टन्स कितीतरी वाढतो. खड्ड्यात पाणी ओतणं हा फुकटातला उपाय आहे आणि तो लागू पडतो, पण आठवडाभरच. दुसरा पाइप अंतर सोडून पुरायचा आणि दोन्ही जोडायचे, हा खरा उपाय. पाइपाच्या डोक्यावरचा नट-बोल्टही बघा. बऱ्याचदा खाली सगळं उत्तम असतं आणि वर गंजलेल्या बोल्टाशी वायर नुसती टेकलेली असते.

पाच ओहमचं अर्थिंग असलं तरी करंट ४६ अँपिअरच जातो, आणि १६ च्या एमसीबीला झटकन पडायला बहुतेक वेळा तेवढा पुरत नाही. म्हणून शेडाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय का, एवढंच ती बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. लाईट चालू असताना दाबूनही पडली नाही तर ती बदला. एवढं लक्षात ठेवा की त्या बटणानं फक्त आरसीसीबी तपासली जाते, अर्थिंग नाही. ओव्हरलोडचंही तिला कळत नाही, म्हणून जोडीला एमसीबी लागतेच. नवीन घेणार असाल तर 'ए' टाइपची घ्या, चार्जर-इन्व्हर्टरच्या करंटला तीच योग्य.

ट्रिप कुठून येतेय ते वेगळं करा

आता गाडीकडचं टोक काढा, कोरड्या फळीवर ठेवा आणि भिंतीकडून लाईट चालू करा. आरसीसीबी पडली तर दोष केबलीत, गाडीला हात लावायची गरज नाही. टिकली तर बंद करा, गाडीतले सगळे एमसीबी आणि मेन पाडा, टोक गाडीला लावा आणि पुन्हा चालू करा. आता पडली तर इनलेट ते गाडीचा मेन एवढ्या हातभर वायरीत दोष आहे, नाहीतर खाली सांगितलेला न्यूट्रलचा प्रकार आहे. टिकली तर मेन वर करा, मग एकेक एमसीबी. ज्यानं पडली तो सापडला.

लगेच पडत असेल तर माझा पहिला संशय गीझरवर. कॉइलच्या आतली पांढरी पावडर पावसाळाभर दमट हवा शोषून घेते आणि करंट टाकीच्या पत्र्यात गळायला लागतो. गीझर वेगळा केला की बाकी सगळं चालतं. टाकीत पाणी नसताना तो "वाळवायला" चालू करू नका, कॉइल जळते. काही मिनिटांनी पडत असेल तर फ्रिज किंवा एसी बघा. गाडीत इन्व्हर्टर असेल तर आणखी एक शक्यता असते. काही इन्व्हर्टर स्वतः चालताना न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडतात आणि बाहेरची लाईट आली की रिलेनं (आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचनं) सोडतात. तो रिले चिकटला तर गाडी लावताक्षणी ट्रिप.

सगळ्यात चकवणारा प्रकार न्यूट्रल-अर्थचा. मेणवलीच्या बाजूला एका शेडात गाडी होती. तक्रार अशी की मध्येच ट्रिप होतं, वेळेचा काही नेम नाही. गाडीतले सगळे एमसीबी पाडलेले, तरीही ट्रिप. मी दोन तास बसून होतो, काही झालं नाही. दुपारी मालकाच्या मुलानं वैरणीसाठी कडबाकुट्टी चालू केली आणि त्याच क्षणी आरसीसीबी पडली. मी म्हटलं, "बंद कर. आता गाडीचा टॉप काढून परत चालू कर." कुट्टी आरामात चालली. गाडी परत लावली, कुट्टी चालू केली, पुन्हा ट्रिप.

गाडीत बेडखालून जाणारी न्यूट्रलची वायर एका स्क्रूखाली चेपली होती आणि पत्र्याला टेकली होती. न्यूट्रलवर व्होल्टेज जवळजवळ नसतंच, म्हणून गाडीत काही चालू नसताना काहीच घडत नाही. पण कुट्टीचा करंट त्याच आरसीसीबीतून जातो. परत येताना त्यातला थोडा गाडीच्या पत्र्यातून अर्थला निघून जातो आणि तेवढं ट्रिपला पुरतं. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून "सगळं बंद केलं तरी पडते" असं कुणी म्हणालं की मी न्यूट्रलच्या मागे लागतो. गाडीच्या मेनला डबल पोल, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी, एमसीबी असावी असा माझा आग्रह त्यासाठीच. मेन पाडल्यावर गाडी खरीच सुटली पाहिजे.

एका गोष्टीवर मी कुणाचं ऐकत नाही. ट्रिप थांबवायला टॉपची अर्थपिन तोडतात, किंवा आरसीसीबीला बायपास मारतात. ट्रिप थांबतं, गाडी चालते आणि सगळे खूश होतात. दोष मात्र तिथेच असतो, फक्त तो सांगणारं कुणी उरत नाही. पहिल्या पावसात दाराची कडी धरणाऱ्याला तो कळतो. अशी तुटलेली पीन दिसली की मी दुसऱ्या कामाला हात लावायच्या आधी ती बदलतो, मग मालक काहीही म्हणो.

व्होल्टेज कुठे हरवतंय

रिकामं मोजून उपयोग नाही, लोड टाकून मोजा. पाण्यानं भरलेला २ किलोवॉटचा गीझर चालू करा, आणि एकदा भिंतीपाशी, एकदा गाडीत मोजा. गीझर साधारण ८.७ अँपिअर घेतो. भिंतीपासून गाडी ४० मीटर लांब असेल तर १ एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या केबलीत १३-१४ व्होल्ट पडतात, दीड एमएममध्ये ९ च्या आसपास, अडीचमध्ये साडेपाच, ४ एमएममध्ये साडेतीन. यापेक्षा फार जास्त पडत असतील तर केबलीत सैल जोड आहे, किंवा तांबं म्हणून दुसरंच काही विकलं गेलंय. एसी चालवायचा असेल तर मी अडीचच्या खाली जात नाही, ३० मीटरच्या पुढे ४ लावतो. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट घेतो, आणि पातळ केबलीत त्याचं नेमकं तेव्हाच गुदमरतं.

भिंतीपाशीच २३० वरून १९० होत असेल तर केबल बदलून फरक पडणार नाही. दोष मीटरच्या अलीकडे-पलीकडे, सर्व्हिस वायरीत किंवा खांबावरच्या जोडात आहे. स्टॅबिलायझर लावायची घाई करू नका. कमी व्होल्टेजवर तो आधीपेक्षा जास्त करंट ओढतो आणि सैल जोड आणखी तापवतो.

व्होल्टेज २६० च्या वर गेलं, किंवा एक दिवा मंद आणि दुसरा प्रखर झाला, तर न्यूट्रल तुटलाय. थ्री फेज लाइनचा न्यूट्रल खांबावर तुटला की सिंगल फेजच्या सॉकेटात ४०० पर्यंत येऊ शकतं. मेन पाडा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. खांबावर, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) आणि मीटरच्या पेटीत आपण हात घालायचा नाही, आणि मीही घालत नाही.

मेमधले वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस या दोन्ही वेळी विजा जास्त. आभाळ भरून यायला लागलं की टॉप काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर काढायला जाऊ नका.

बॅटरी का उतरते

गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात, हे पुष्कळ मालकांच्या लक्षात नसतं. बाहेरची लाईट राहत्या भागाची बॅटरी चार्ज करते. इंजिन स्टार्ट करणारी बॅटरी बऱ्याच गाड्यांत त्या चार्जरला जोडलेलीच नसते. "दोन महिने लाईटला लावली होती, तरी सेल्फ मारत नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

दुसरं, लाईट कधीच गेलेली असते. जुलैत एकदा ट्रिप झालं, कुणी वर केलं नाही आणि गाडीतले छोटे लोड चालूच राहिले. गॅसचा अलार्म, म्युझिक सिस्टीम, ट्रॅकर मिळून ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. शंभरची बॅटरी चाळीस दिवसांत अर्धी होते. लेड-ॲसिड बॅटरी काही तास शांत ठेवून मोजा: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. महिनोन्‌महिने अर्धी राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जर बदलून काही होत नाही.

खरं सांगायचं तर शेडात ठेवलेल्या बहुतेक गाड्यांना कायमची लाईट लागतच नाही. लेड-ॲसिड असेल तर पूर्ण चार्ज करा, ट्युब्युलर असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, निगेटिव्ह काढा आणि महिन्या-दीड महिन्यानं एक दिवस चार्जिंगला लावा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवा. लिथियम असेल तर पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून डिस्कनेक्ट करा. असं केलं की चार महिने गवतातून केबल टाकून ठेवायचीच गरज पडत नाही, आणि वर लिहिलेल्या अर्ध्या अडचणी येतच नाहीत. फ्रिज रिकामा करून दार किलकिलं ठेवा, तो चालू ठेवण्यासाठी लाईट जोडून ठेवू नका.

कुठे थांबायचं

टॉप, सॉकेट टेस्टर, केबल उलगडणं, एकेक एमसीबी वर करून बघणं, इथपर्यंत तुमचं काम. टॉप आणि केबलीची टोकं उघडायची असतील तर केबल दोन्हीकडून काढून, आणि हाताला सवय असेल तरच. भिंतीवरचा बोर्ड, गाडीतलं पॅनेल, गीझरची कॉइल, इन्व्हर्टरचं झाकण आणि अर्थिंगचा खड्डा हे परवाना असलेल्या वायरमनचं. गाडीच्या वायरिंगला मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावायचा असेल तर आधी चार्जर, इन्व्हर्टर आणि बाकी इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवल्या का, ते त्याला विचारा. मेगर ५०० व्होल्ट सोडतो आणि जोडलेल्या वस्तूंची वाट लावतो. आकडा १ मेगाओहमच्या खाली आला तर ते सर्किट दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवायचं. शेडात पाणी शिरून इनलेट किंवा बॅटरी बुडाली असेल तर गाडी वाळलेली दिसली तरी लाईट जोडू नका, आधी तपासून घ्या.

फोन कराल तेव्हा एवढं सांगा: कनेक्शन घरगुती आहे का शेतीचं, ट्रिप लगेच होतं का उशिरा, पावसात जास्त होतं का, गाडीकडचं टोक काढल्यावरही होतं का, केबल किती मीटर आणि किती एमएमची आहे, आणि शेडात त्या वेळी दुसरं काय चालू होतं. टॉपचा आणि सॉकेटचा जवळून काढलेला फोटो पाठवा. येताना पिशवीत काय टाकायचं ते मला त्यावरून कळतं, आणि तुमची एक चक्कर वाचते.